डाळिंबाचा डाग
काल डाळिंब सोलताना बोटं लाल झाली आणि आमच्या गावची, कवठे येमाईची ती दुपार आठवली. नवऱ्याच्या माराला कंटाळून माहेरी आलेली ताई ओसरीवर डाळिंबाचे दाणे खात होती आणि दाजी न्यायला येणार म्हणून आई तिची पिशवी भरत होती. मी कॉलेजात ऐकलेली ग्रीकांची गोष्ट सांगितली: पाताळाच्या राजानं पळवलेल्या लेकीसाठी तिच्या आईनं सगळी पिकं वाळवली, पण लेकीनं तिथलं डाळिंब खाल्लं होतं आणि तिथलं खाणाऱ्याची पुरती सुटका नसते, म्हणून तिला दरसाल परत जावं लागलं. "तिच्या आईनं पिकं वाळवली," ताई म्हणाली, "आपल्यात पिशवी भरत्यात." आईनं तिच्या हातातली वाटी हिसकावून भिंतीवर भिरकावली. बाहेर दाजींचा हॉर्न वाजला, तशी आई दारात जाऊन म्हणाली, "पाव्हणं, न्हाई यायची ती." भिंतीवरच्या त्या डागावर ताई अजून रंग मारू देत नाही.