हळदीचं पाणी

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजच्या टाक्या बघायला कोणी नव्हतं, म्हणून नातीनं आठ मासे वाडीतल्या आमच्या खोलीत आणले. मी चौथी शिकलेली. चाळीस वर्षं बाजारात मासोळ्या विकल्या आणि खवले नालीत फेकले. ती त्याच खवल्यांवर संशोधन करत होती.

"आपल्या हाडात असतात तशाच पेशी खवल्यात असतात, आजी. काही हाड बांधतात, काही कुरतडतात. खवला उपटला की नवा येते, तवा त्या जोरात कामाले लागतात. हाडाच्या औषधाचा गुण त्याच्यावर पाहता येते."

"मंग पाण्याचं काय करायचं?"

"मी पाहीन ना. तुले नाही समजत ते."

या आठांचे थोडे खवले उपटून तिनं त्यांना औषध दिलं होतं; सुट्टी संपली की नवे खवले सरांना दाखवायचे होते. त्यावरच तिचं काम पुढे चालणार की बंद होणार, हे ठरणार होतं.

ती दोन दिवस मैत्रिणीच्या लग्नाला रामटेकला गेली. इकडे दोन माशांच्या खवले उपटलेल्या जागी कापसासारखी पांढरी बुरशी धरली. जिवंत मासोळीला असं झालं की आम्ही टबात मीठ आणि हळद टाकायचो. मी तेच केलं. दुसऱ्या दिवशी मासे पळायला लागले. मला बरं वाटलं.

नात आली आणि पिवळं पाणी बघून दारातच थांबली.

"हे काय टाकलं वं?"

"हळद. दोन मरून राहिले होते."

"मरू द्यायचे होते! हळदीनं त्या पेशींचं काम बदलते. आता जे दिसन ते औषधाचं का हळदीचं, कसं सांगू?"

"नको सांगू सराले. त्याले काय माहीत पडते?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं गिऱ्हाईक शिळ्या मासोळीकडे पाहतं.

तिनं सरांना खरं सांगितलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "मासोळीवालीच्या घरी दुसरं काय होणार?" काम दुसऱ्या मुलाला दिलं. तिनं कॉलेज सोडलं.

चूक माझी होती. पण पाण्यात काही टाकू नको, एवढं समजायला चौथी पुरते. तिनं ते सांगितलं नाही, हे मी अजून विसरले नाही.

आता ती औषधाच्या दुकानात उभी राहते. माझ्या कंबरेसाठी गोळ्या आणते. सकाळी एक, रात्री एक, एवढंच बोलते. त्या पोटात जाऊन काय करतात ते विचारलं, तर म्हणते, "घे ना चुपचाप."