आत्याबाई 'व्हय' म्हणाल्या

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पंखा गरगरतोय आणि बाकावर बसल्या बसल्या माझे डोळे जड होतायत. आत बैठकीची तयारी चाललीय. रुग्णांच्या नातेवाईकांना सोबत घेऊन कारभार सुधारायचाय, असं इथल्या पाटणकर मॅडम फोनवर म्हणाल्या. माझा विश्वास नाही. माणूस जिवंत असताना ज्यांनी आम्हाला दाराबाहेर ठेवलं, त्यांना आता आमचं मत कशाला हवंय? चहा पाजतील, फोटो काढतील आणि सगळं छान आहे असं आमच्याच तोंडून वदवून घेतील.

मी एवढंच विचारणार आहे की माझ्या सासूला, हौसाबाईंना, साखर कमी करायचं इंजेक्शन देण्याआधी त्या जेवल्यात का हे कुणी विचारलं होतं का? हे लोक म्हणतात विचारलं, त्या होय म्हणाल्या. उपाशी बाई होय कशी म्हणेल? धडधडीत खोटं. त्यांचा डबा माझ्या हातात होता आणि मी 'नातेवाईकांनी बाहेर थांबावे' या पाटीखाली उभी होते. इंजेक्शननंतर त्यांची साखर उतरली ती उतरलीच. त्या परत शुद्धीवर आल्या नाहीत.

पंख्याचा आवाज वाढत जातो. शेजारी कुणीतरी येऊन टेकतं.

"शालन, जरा सर की."

आत्याबाई आहेत. सासूला मी आत्याबाईच म्हणते. लुगडं नेहमीचंच, केस मात्र नीट विंचरलेले. आनंद व्हायच्या आधी मला शंकाच येते. नेमक्या बैठकीच्या दिवशी बऱ्या उगवल्या.

"तुम्हाला ह्या हॉस्पिटलवाल्यांनीच पाठवलंय ना? मला गप करायला?"

"मला कोन पाठवतंय? दळान टाकलंय."

खरंच की, ही गिरणी आहे. पट्टा फिरतोय, डब्यांची रांग लागलीय, जिकडेतिकडे पीठ उडतंय. गिरणीवाल्याच्या जागी इंजेक्शन देणारी ती नर्स उभी आहे आणि वरून ज्वारी ओततेय. तिच्याकडे मला बघवत नाही.

"आत्याबाई, खरं सांगा. त्या दिवशी तिनं तुम्हाला विचारलं होतं?"

"इचारलं की. आजी, जेवलात का, म्हनली. मी व्हय म्हनलं."

"पण तुम्ही उपाशी होता."

"व्हते."

"मग?"

त्या पदरानं तोंड पुसतात. आता त्या वॉर्डातल्या खाटेवर आहेत आणि मी त्यांच्या उशाशी. दार सताड उघडं आहे, मला कुणी हटकत नाही. त्याचाही मला संशय येतो.

"न्हाई म्हनले असते तर तिनं काय म्हनलं असतं? म्हातारीची सून कुठं उलथली? परक्या बाईम्होरं तुझी लाज काढू व्हय मी?"

मला रडू फुटतं आणि रागही येतो. माझी लाज राखायला ही बाई उपाशी राहिली आणि जिवाला मुकली. म्हणजे हे लोक खोटं बोलत नव्हते? की यांना सोडून द्यावं म्हणून माझंच मन मला बनवतंय?

"हे तुम्ही सांगताय, का मलाच भास होतोय?"

"तू जेवलीस का?" त्या विचारतात.

"व्हय," मी म्हणते.

त्या माझ्याकडे रोखून बघतात. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नाही, हे त्यांना ठाऊक असावं. त्या माझा दंड घट्ट धरतात.

"बघ. आलं का न्हाई तोंडात?"

मी डोळे उघडते. व्हरांडा आहे, बाक आहे, शेजारी कुणी नाही. माझ्या निळ्या ब्लाउजच्या बाहीवर चार पांढरी बोटं उमटलीत. भिंतीचा चुना असेल म्हणून मी बोट लावून वास घेते. ज्वारीचं पीठ आहे.

दार उघडून पाटणकर मॅडम बाहेर येतात. "या शालनताई, सगळे तुमचीच वाट बघतायत. जेवून आलात ना?"

'होय' अगदी ओठांवर येतं. मी ते गिळते.

"नाही," मी म्हणते. "आणि आमच्या आत्याबाईही जेवल्या नव्हत्या. मला आत घेतलं असतं तर मी सांगितलं असतं."