नुसते ओठ

पहिल्या पापनिवेदनाच्या आधी मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेण्याची आमच्या शाळेत रीत आहे. आठ वर्षांचं मूल फादरांसमोर गुडघे टेकताच सगळं विसरतं. म्हणून आपली पापं आदल्या दिवशी कागदावर उतरवायची, चिठ्ठी मुठीत धरून आत जायचं, आणि बाहेर आल्यावर ती दाराशी ठेवलेल्या घमेल्यात टाकायची. शेवटचं मूल बाहेर आलं की मी घमेलं अंगणात नेते आणि काडी लावते.

सांगलीकडच्या या मराठी शाळेत कॅथलिक मुलं थोडीच. त्या वर्षी माझ्या धर्मशिक्षणाच्या तासाला नऊ होती. फाल्गुनाचे दिवस होते. आसपासच्या शिवारात हळद शिजत होती आणि तिचा ओलसर, मातकट वास वर्गाच्या खिडक्यांतून आत येऊन वह्यांना चिकटत होता. त्या वासात मी मुलांना सांगितलं होतं की पापनिवेदनात ऐकलेलं फादर कधीच कुणाला सांगत नाहीत.

"पोलिसांनी धरलं तर?" एकानं विचारलं.

"तरीही नाही."

"आणि आईनं विचारलं तर?"

तरीही नाही, म्हटल्यावर मात्र वर्गात खरा आदर पसरला.

त्या नवांत एक मुलगी आटपाडीकडे आजोळी वाढून नुकतीच आईवडिलांकडे आली होती. तिचा आवाज माळावरचा होता. समोरच्या टेकडीवरच्या माणसाला हाक मारावी तसा, रुंद आणि कोरडा. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या रविवारी, मुलं वेदीपाशी पहिल्यांदा प्रसाद घेतात त्या दिवशी, म्हणायच्या गीताचा सराव मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकला, तेव्हा आठ आवाज एका धाग्यात होते आणि नववा त्या धाग्याला गाठ मारत होता. मला शब्दांचा आणि सुरांचा फार सोस. दुसऱ्या दिवशी मी तिला बाजूला घेतलं आणि शक्य तितक्या गोड आवाजात सांगितलं, की तिनं नुसते ओठ हलवावेत. तिनं मान डोलावली. इतक्या सहज, की माझ्या मनावर ओरखडाही उठला नाही.

पापनिवेदनाच्या दुपारी मुलं सरबताकडे धावली आणि घमेल्यापाशी मी एकटीच उरले. वारा होता. काडी दोनदा विझली, आणि वरची एक चिठ्ठी उडून माझ्या पायाशी उलगडली. अक्षर मी ओळखलं. शिरोरेषा पट्टीनं आखण्याची सवय फक्त तिला होती. चिठ्ठी मिटायला एक क्षण पुरला असता. त्या क्षणात मी वाचलं. पहिल्या दोन ओळी धाकट्या भावाला काढलेल्या चिमट्यांच्या होत्या. तिसरी अशी होती: 'मी गाण्यात नुसते ओठ हलवते. देवाला वाटतं मी गाते.'

कागद जळाला. गरम राख माझ्या बोटांना लागली आणि मला ती लागायला हवी होती, असं वाटलं.

ते पाप तिचं नव्हतंच. माझं होतं, आणि ते तिनं गुडघे टेकून स्वतःच्या नावावर सांगितलं होतं. रात्रभर मी एकच उपाय घोळवला, आणि सकाळी सरावाआधी तिच्याजवळ वाकून म्हणाले, "आजपासून तू मोठ्यानं गा."

तिच्या चेहऱ्यावर आनंद येईल म्हणून मी थांबले होते. आली ती भीती.

"आवं बाई," ती हळूच म्हणाली, "फादरनी सांगितलं व्हय तुमाला?"

मी म्हणाले, छे, मलाच आपलं वाटलं. वाक्य खोटं होतं आणि तिला ते कळलं. त्या दिवसापासून फादर व्हरांड्यातून येताना दिसले की ती मागच्या जिन्यानं जाऊ लागली. एकदा ते खोबऱ्याच्या वड्या वाटत होते, तर ही खांबामागे उभी. वडीसुद्धा नको म्हणाली. पोलिसांना आणि आईलाही न बधणारा तो माणूस तिच्या लेखी माझ्यापुढे फुटला होता. मी रोज ठरवत होते, आज सांगू. आणि रोज मला तिच्या नजरेतली माझी जागा आठवत होती.

रविवारी चर्चच्या पायरीवर तिच्या केसांत पांढरा जाळीचा पदर टाचताना मला तिचे डोळे दिसत नव्हते, म्हणून धीर झाला असेल. मी सांगितलं, की फादर कुणालाही काही बोलले नाहीत. तिची चिठ्ठी मी वाचली. वाचायला नको होती. चुकले.

खोबरेल तेलाच्या वासाचं ते डोकं माझ्या हाताखाली स्थिर झालं.

"म्हंजी फादरनी न्हाई सांगितलं?"

"नाही."

"समदी वाचली?"

"सगळी."

टाचणी पुरती लागायच्या आत ती उठली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

वेदीपाशी तिची पाळी आली तेव्हा तिनं मान वर करून सरळ फादरांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि "आमेन" म्हणाली; माळावरच्या त्या आवाजात, इतक्या मोठ्यानं की पुढच्या बाकांवरची माणसं हसली. माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. मग मी गीताची खूण केली.

पालकांनी मोबाइल उंच धरले होते. त्यातलं एक चित्रण आजही वर्गाच्या ग्रुपवर आहे. आठ तोंडं उघडी आहेत, धागा कुठेही तुटत नाही. नवव्या जागी ती हात जोडून उभी आहे, तिरक्या झालेल्या पदराखाली, माझ्याकडे न बघता. तिचे ओठ घट्ट मिटलेले आहेत. ते हलतसुद्धा नाहीत.