आक्कांचं पहिलं पान

आक्का संगणकासमोर कधी बसल्या नाहीत. नारायणगावच्या माझ्या छोट्या ऑफिसात उभ्यानेच, पडद्यावरची ओळ न् ओळ मोठ्यांदा वाचायच्या. वाचून झालं की पहिला प्रश्न ठरलेला, "ह्ये वाचून मानूस आमच्याविषयी काय समजंल?"

वारूळवाडीजवळच्या मळ्यात त्यांनी शहरातल्या पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. सोबतीला पुतण्या दिलीप. त्याची वेबसाइट मी बनवत होतो; तेव्हा ती नवी गोष्ट होती. दिवाळीच्या सुट्टीआधी ती सुरू व्हायला हवी होती.

आक्कांनी आधीच दोनदा बदल करायला लावले होते. "हिरवळ लई झाली. आमच्याकडं उन्हाळा येतच न्हाई का?" म्हणून एक फोटो गेला. 'स्वर्गीय अनुभव' हे शब्दही गेले. "सर्गात ढेकणं नसत्यात. आमच्याकडं एखांदं निघंल."

तिसऱ्या वेळी दिलीपच्या सांगण्यावरून मी पहिल्या पानावर बिबट्या टाकला होता. काळोखात चमकणारे डोळे, खाली मोठ्या अक्षरांत 'बिबट्याच्या राज्यात या!'

आक्कांनी वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"ह्यो काढा."

"आक्का, पुण्या-मुंबईची माणसं त्याच्यासाठीच येत्यात," दिलीप म्हणाला.

"मग कमलला आणते हितं. तिला दाखव, अन् तिच्यासमोर ठेव."

दिलीपची मान खाली गेली. कमल त्यांच्याकडे पाहुण्यांचा स्वयंपाक करणार होती. आदल्या वर्षी उसाच्या कडेला खेळणारी तिची मुलगी बिबट्याने उचलून नेली होती. ते मला तेव्हा कळलं.

"मला काय वाईट वाटत न्हाई का?" दिलीपचा आवाज चढला. "पन धंदा कसा चालंल? तुमाला एकटीला जमत आसंल तर करा." तो उठून गेला. खाली मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. आक्कांनी खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"लिवा भाऊ," त्या म्हणाल्या. "इथे बिबटे आहेत. दिवस मावळल्यावर अंगणाबाहेर जाऊ नये."

"शेवटच्या पानावर टाकू का? लोक घाबरतील."

"भ्यायलाच पायजेल. पयल्या पानावर."

दिलीप परत आला नाही तर मळा एकटीने ओढायचा आहे, हे त्यांना माहीत होतं.

दिवाळीत दोनच खोल्या भरल्या. त्यातल्या एका संध्याकाळी मी मुद्दाम मळ्यात गेलो. दिलीप आला होता, पण आक्कांशी बोलत नव्हता. दिवेलागणीला कमल अंगणात पाहुण्यांना भाकरी वाढत होती. एका तरुणाने हसत विचारलं, "काय राव, बिबट्या कधी दाखवणार?"

कमलच्या हातातली भाकरी तशीच राहिली. आक्का दारात ताठ उभ्या.

"न्हाई दाखवनार," दिलीप म्हणाला. "त्यानं हितं लेकरू नेलंय. जेवा, अन् आत बसा."

मग कमलच्या हातातली दुरडी घेऊन तो हळू म्हणाला, "चल वैनी, तुला घरी सोडतो."

तेव्हापासून अंधार पडायच्या आत कमलला मोटारसायकलवर घरी पोचवायचं काम दिलीपने स्वतःकडे घेतलं. पुढे आक्का गेल्या. त्यांना अग्नी देऊन परतल्यावर त्याने तोंडावर पाणी मारलं आणि सगळ्यांत आधी कमलला हाक मारली, "वैनी, चल. उजेड हाय तवर."