हार्डडिस्कचा दवाखाना

बेळगावच्या खासबागेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत दुकानात काय काय साठतं! जुने कीबोर्ड, माऊस, केबलींची भेंडोळी. ते निदान भंगारवाला तरी नेतो. गिऱ्हाइकांच्या गोष्टी साठतात, त्या कोण नेणार? बायको म्हणते, जेवताना सांगू नका, भाकरी गार होते. म्हणून तुम्हाला सांगतो.

आधी एक गोष्ट. कुठलाही कॉम्प्युटर आला की मी पहिल्यांदा त्याची हार्डडिस्क तपासतो. त्यासाठी इंटरनेटवर फुकट मिळणारं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. डिस्क स्वतःबद्दल जे नोंदवून ठेवते तेच ते दाखवतं. किती तापलीय, आजवर किती तास चाललीय, कुठे कुठे खराब झालीय. वर एक रंगीत चौकोन असतो. निळा म्हणजे ठणठणीत. पिवळा म्हणजे सांभाळा. लाल म्हणजे आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, बाकीचं मग बोलू.

* * *

निपाणीचे एक आप्पा आहेत, तंबाखूचे व्यापारी. घरातलं कन्नड, बाजारातलं मराठी, दोन्ही एकाच दमात बोलणारे. त्यांनी दोन वर्षं खपून गावच्या बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, जुन्या पोथ्यांचे पानापानाचे फोटो काढले होते. ते सगळे एकाच कॉम्प्युटरमध्ये. तो हळू चालतोय म्हणून घेऊन आले. मी तपासलं, तर चौकोन पिवळा.

मी समजावून सांगितलं, की हा रंग म्हणजे धोक्याची सूचना. आप्पांनी मान डोलावली.

"पिवळा व्हय? मग काय काळजी न्हाय. सिग्नलला पिवळा लागला की आमी गाडी जोरात काढतो."

मी म्हटलं, "आप्पा, पुढं चौक न्हाय. भिंत हाय."

आप्पांनी स्टूल जवळ ओढलं. मग त्यावर बसले ते शेवटचा फोटो उतरवून होईपर्यंत उठलेच नाहीत. चहा आणला तोही तिथेच घेतला. एक प्रत घरी ठेवली, एक बस्तीत दिली, एक चिक्कोडीला दिलेल्या थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे पाठवली.

आणि ती डिस्क? ती अजून चालू आहे. आप्पांचा मधूनच फोन येतो, "अजून पिवळाच हाय बघा. तुमची भिंत कुठं हाय?"

* * *

कंग्राळीच्या एका शेतकरी घरातली सून घरी बसून एका कंपनीचं काम करते. सासूबाईंना ते काही पटलेलं नव्हतं. दिवसभर खोलीत बसून पडद्याकडे बघणं हे काम कसं, हा त्यांचा प्रश्न.

उन्हाळ्यात एकदा सुनेचा फोन आला, की मशीन सारखं बंद पडतंय. मी तिला ते सॉफ्टवेअर उघडायला लावलं आणि टेंपरेचर विचारलं. ती म्हणाली, पंचावन्न. मी म्हटलं, फार गरम आहे, जरा बंद ठेवा, उद्या येतो.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर कॅबिनेटवर ओला पंचा! नीट घडी घालून ठेवलेला, अगदी कपाळावर पट्टी ठेवावी तसा. पंख्याची जाळी त्याखाली झाकून गेलेली. आदल्या दिवशी सून फोनवर बोलत होती ते सासूबाईंनी ऐकलं होतं. सून शेतावर डबा द्यायला गेल्यावर त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे उपचार सुरू केले होते. दर पाच-दहा मिनिटांनी पट्टी बदलत होत्या.

नशीब, मशीन बंद होतं. मी घाईघाईने पंचा काढला आणि आत पाणी गेलंय का बघायला लागलो. सासूबाई दारात उभ्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांनाच अपराधी वाटायला लागलं.

"मीठ न्हाय घातलं रं पाण्यात," त्या म्हणाल्या. "लोखंड हाय, गंजंल म्हणून."

आत मूठभर धूळ होती, ती साफ केली. मशीन सुरू झालं. सून परत आली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या होत्या. पंच्याची गोष्ट मी सांगितली. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. आत जाऊन सासूजवळ बसली.

* * *

आता माझंच सांगतो. अख्ख्या बेळगावला डिस्क तपासा म्हणून सांगत फिरणाऱ्या माणसाच्या दुकानातली स्वतःची डिस्क एका सकाळी मेली. मी ती कधी तपासलीच नव्हती. पोरीचे बालवाडीपासूनचे फोटो त्यात होते. थोडे नातेवाइकांच्या मोबाईलमधून परत मिळाले, बाकी गेले.

बायको काही बोलली नाही. मला वाटलं, सुटलो. चार दिवसांनी तिने मला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांना सांगितलं, "ह्यांचंही कधी तपासलेलं नाही. लाल व्हायच्या आत बघा."

बीपी निघालं. गोळी चालू आहे.

* * *

पिरनवाडीचा एक लग्नाचं शूटिंग करणारा माणूस, प्रकाश. एक दिवस बसने आला, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली हार्डडिस्क घेऊन. डिस्कमधून टक्‌टक् आवाज येत होता. नऊ लग्नं होती तीत. चौकोन लाल.

अशा वेळी तपासण्या करत बसायचं नसतं. डिस्क जेवढा वेळ जगेल तेवढ्यात निघेल ते काढायचं. प्रकाश म्हणाला की बाकीची मागेपुढे झाली तरी चालतील, पण खानापूरकडचं एक लग्न आधी काढा. नवरीचे वडील लग्नानंतर वीस दिवसांत वारले होते, आणि कॅसेट कधी देणार म्हणून ती रोज फोन करत होती. आमच्याकडे पेनड्राइव्हलाही अजून कॅसेटच म्हणतात.

दिवसभर लावून ठेवलं. आठ लग्नं निघाली. खानापूरचं अर्धंमुर्धं निघालं. अक्षता गेल्या, सप्तपदी गेली, पाठवणी गेली. वडील ज्यात होते अशी एकच धड फाइल हाती लागली. जेवणाच्या मांडवातली. त्यात ते पंगतीत उभे राहून आचाऱ्यावर ओरडत होते, "भात कमी पडालाय रं! पावणं बसल्यात!" एवढंच, पाऊण मिनिट.

ही फाइल द्यायची कशी, म्हणून प्रकाश त्या नवरीलाच घेऊन दुकानात आला. बोलायचं काम त्याने माझ्यावर टाकलं. मी काय काय गेलं ते सांगितलं. मग जे उरलं होतं ते लावलं.

तिने ते किती वेळा बघितलं, मी मोजलं नाही. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "भात कमी पडला नव्हता. बाबा सगळ्याच लग्नात असं ओरडायचे."

* * *

वडगावात एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. मुलगा कॅनडात. मोबाईलवर त्यांना नीट दिसत नाही, म्हणून त्याने मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर घेऊन दिला. व्हिडिओवर बोलायचं झालं की तेवढ्यापुरता तो लावायचा, एरवी त्यावर कापड.

पाच वर्षांनी त्यांनी तो सहज तपासायला आणला. मी म्हटलं, "बाई, डिस्क नव्यासारखी आहे. पाच वर्षांत फक्त एकसष्ट तास चाललीय."

बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि माझ्या पावतीच्या मागे भागाकार केला. काय होतंय ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी घाईने म्हटलं की हे सॉफ्टवेअर फुकटचं आहे, कधी कधी चुकतं.

"नाही रे," बाई म्हणाल्या, "बरोबर आहे. दर महिन्याच्या एक तारखेला फोन करतो तो. तासभर."

त्याच आठवड्यात मुलाचा मला फोन आला, आईच्या कॉम्प्युटरला काय झालंय विचारायला. मी एवढंच सांगितलं, की काही झालेलं नाही, पाच वर्षांत एकसष्ट तास चाललाय. "एकसष्ट?" त्याने विचारलं. मग "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

दोन वर्षांनी बाई रिक्षातून कॉम्प्युटर घेऊन आल्या. सारखा अडकतोय म्हणाल्या, आणि संध्याकाळी सातच्या आत परत हवा, रोज सातला त्याचा फोन असतो. मी तपासलं. डिस्क खराब व्हायला लागली होती. नवी बसवावी लागेल, म्हणून सांगितलं.

"किती तास झाले?" बाईंनी विचारलं.

"दोन हजार एकशे चाळीस."

बाईंनी चष्मा सारखा करून तो आकडा स्वतः वाचला.

"नव्या डिस्कवर तास पहिल्यापासून मोजतात का रे?"

"हो बाई. शून्यापासून."

"बसव नवी," त्या म्हणाल्या. "पण ही टाकू नकोस. कागदात गुंडाळून मला दे."