कॅमेऱ्यामागचा आवाज

ताई गेल्याचं मला तिच्या धाकट्या दिराने, दिनकरने कळवलं. मी दादरच्या मंडईत मेथीच्या जुड्या बघत होते. "बेबीताई, वहिनी गेल्या हो. सकाळी उठल्याच नाहीत." मग जरा थांबून म्हणाला, "हसतमुख होत्या पण. दादाची मस्करी कधी मनावर घेतली नाही त्यांनी." हातातली जुडी मी परत ढिगावर ठेवली. भाजीवाली म्हणाली, काय झालं, ताजी आहे की... रडू बरंच नंतर आलं. आधी आला तो राग, त्या 'हसतमुख' शब्दाचा.

सुमनताई माझी थोरली बहीण. आम्ही भोईवाड्याच्या चाळीत वाढलो. ती अभ्यासात हुशार, मॅट्रिक झाल्या झाल्या महापालिकेच्या दवाखान्यात कारकून म्हणून लागली. लग्न होऊन घोडपदेवच्या चाळीत गेली. प्रभाकर भाऊजी बोलके, चारचौघांत उठून दिसणारे. आखातात नोकरी करून परतले तेव्हा व्हिडिओ कॅमेरा घेऊन आले, हातात मावणारा, छोट्या कॅसेटचा. चाळीत तेव्हा असा दुसरा नव्हता. बारसं असो, सहल असो, विहारातला कार्यक्रम असो, भाऊजी कॅमेरा डोळ्याला लावून हजर. सगळे म्हणायचे, काय मजेशीर माणूस आहे. मी लग्नानंतर नाशिकला असायचे, त्यामुळे त्यातलं फारसं काही पाहिलं नव्हतं. माहेरपणाला ताई भेटायची तेव्हा घरचा विषय निघाला की म्हणायची, "चाललंय." एवढंच.

भाऊजी गेले तेव्हा चाळ पडून तिथे इमारत उभी राहिली होती आणि ताई निवृत्त झाली होती. मीही मुंबईत परतले होते. पहिला स्मृतिदिन जवळ आला तसं दिनकरच्या डोक्यात आलं की दादाच्या कॅसेटींमधून एक फिल्म करावी आणि हॉलमध्ये सगळ्यांना दाखवावी. तो दुकान शोधत होता. ताई म्हणाली, "मी करते." लोकांना गंमत वाटली. तिची मुलगी प्रज्ञा बंगळुरूला नोकरीला, तिचा जुना कॉम्प्युटर घरात पडून होता. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून ताई शिकली. कॅमेऱ्यात कॅसेट लावायची, लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी एका छोट्या डबीत खुपसायच्या, डबी कॉम्प्युटरला जोडायची. कॅसेट वाजत राहते आणि तिकडे कॉम्प्युटरमध्ये उतरत राहते. काहींवर बुरशी धरली होती, ती तिने नाजूक हाताने पुसून काढली.

एका रविवारी मी गेले तर ती कानाला हेडफोन लावून बसलेली. तिने तो काढून माझ्या डोक्यावर घातला. पडद्यावर जुनं स्वयंपाकघर. ताई पाठमोरी, भाकरी थापतेय. आणि भाऊजींचा आवाज, अगदी कानाच्या आत. "बघा मंडळी, आमच्या हुशार बाई. मॅट्रिक पास. भाकरी मात्र गुजरातच्या नकाशासारखी." मागे हशा. "इकडे बघ. वर बघ ना, तोंड तरी दाखव... राहू दे, राहू दे, काच तडकेल." पुन्हा हशा. पुढे कसलीशी सहल. "कोणीतरी बॅटरी मारा रे, आमची बायको अंधारात दिसत नाही." ती भर दुपार होती. भाऊजी स्वतः कुठेच दिसत नव्हते. पण माइक कॅमेऱ्यालाच असतो, त्यामुळे सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच.

मग ती कॅसेट आली. ताई पायऱ्या चढून वर येतेय, एक हात कठड्यावर, दुसऱ्यात कापडी पिशवी. ती बाळंतपणाच्या दवाखान्यातून घरी येत होती. दुसऱ्या वेळचं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. भाऊजी दारातच कॅमेरा घेऊन उभे. "आल्या बाईसाहेब... रिकामी पिशवी घेऊन आल्या." दोघीतिघी हसल्या. कोणी तरी म्हणालं, गप रे परभ्या. तेही हसतच.

मी हेडफोन काढला. "बंद कर हे."

"तासाची कॅसेट आहे. तासभर बसावंच लागतं, पुढे ढकलता येत नाही," ताई म्हणाली. "तेव्हा मी कामात असायचे गं. अर्धं ऐकूच यायचं नाही. आता सगळं नीट ऐकू येतं. मागे कोण काय कुजबुजतं, तेसुद्धा."

"हे लोकांना दाखवणार आहेस?"

"हो. माझ्या पदरचं काही घालत नाही. फक्त वर गाणी लावणार नाही. ऐकू दे त्यांना."

स्मृतिदिनाला हॉल भरला होता. वंदना झाली, दोघंतिघं बोलले, मग दिवे घालवून फिल्म लावली. मी ताईच्या शेजारी बसले होते, तिचा हात माझ्या हातात होता. भाकरीचा नकाशा आला आणि पहिल्या रांगेतून हसू फुटलं. मला वाटलं, पहिलं आहे, कळेल हळूहळू. बॅटरीच्या वेळी अख्खा हॉल हसला. ज्या जागी पूर्वी हसले होते नेमके त्याच जागी हसत होते, वर आपलेच जुने आवाज ओळखून एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. आणि 'रिकामी पिशवी'ला तर टाळ्या पडल्या. ती बाजारातून आलीय, असंच वाटलं सगळ्यांना. त्या दिवशी जिन्यात उभ्या असलेल्यांनाही आता ते आठवत नव्हतं. ताईने आपला हात हळूच सोडवून घेतला. दिवे लागल्यावर दिनकर डोळे पुसत आला. "वहिनी, दादाला जिवंत केलंत तुम्ही." प्रज्ञाने तिला मिठी मारली. "आई, बाबा काय धमाल होते ना."

"हो," ताई म्हणाली.

टॅक्सीत बसल्यावर ती खिडकीबाहेर बघत बोलली. "मला वाटलं, निदान एक माणूस मान खाली घालेल."

पुढे ती फिल्म नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरली. कोणी बाजारातून आलं की घराघरांत म्हणू लागले, "आली का रिकामी पिशवी?" एका साखरपुड्यात एका शाळकरी पोरीने ताईलाच ते तोंडावर म्हटलं, आणि तिची आई कौतुकाने हसली. ताईने पोरीच्या गालाला हात लावला आणि जेवायला वळली. मी भडकले. एकदाचं सांगून का टाकत नाहीस, म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "सांगितलं तर हसायचे थांबतील. मग माझी कीव करतील. त्यापेक्षा हे बरं." तसंच ऐकत ऐकत ती गेली.

आवराआवर करताना प्रज्ञाने कॉम्प्युटर उघडला आणि मला घोडपदेवला बोलावून घेतलं. "मावशी, हा एक तुकडा आईने वेगळा काढून ठेवलाय. फिल्ममध्ये नव्हता." तिने तो लावला. गॅलरीत प्रज्ञा, चारेक वर्षांची, नवा फ्रॉक. भाऊजींचा आवाज, "सांग बाळा, आई कशी आहे?" "आई ढ आहे." "अजून?" "काळी आहे." "आणि आईची पिशवी?" पोर ठसक्यात म्हणाली, "लिकामी." हसण्याचा कल्लोळ. आपण काही तरी छान केलं म्हणून पोर खुशीत धावत दारात उभ्या असलेल्या ताईकडे गेली. ताईने तिला उचललं, मुका घेतला आणि म्हणाली, "बरोबर बोललं माझं पिल्लू."

प्रज्ञाने विचारलं, "पिशवीचं काय आहे, मावशी? बाजाराचीच ना?"

मी सांगितलं. कोणत्या दिवशीची, कुठून आणलेली, ते सगळं. "हॉलमध्ये मी हसले होते," ती म्हणाली. "तू बाजूलाच होतीस... तिने हे वगळलं माझ्यासाठी. मग पुसून का नाही टाकलं?"

"तुम्ही दोघी एकत्र आहात असं त्या सगळ्या कॅसेटींत एवढंच आहे," मी म्हटलं.

परवा पुन्हा गेले. प्रज्ञाने रजा वाढवून घेतली आहे. ताईच्याच खुर्चीत, खिडकीला पाठ करून बसली होती. तो तुकडा तिला स्वच्छ करून हवा आहे, बाबांचा आवाज आणि तो हशा काढून. ऑफिसातल्या जाणकारांना विचारून झालं, नाना तऱ्हा करून झाल्या. पण आवाजाची पट्टी एकच आहे. भाऊजी आणि ते हसणारे खाली उतरवले की ताईही त्यांच्यासोबत जाते. तिने मला ऐकवलं. पडद्यावर ताईचे ओठ हलतात, पिल्लाला घट्ट धरून ती काही तरी म्हणते, आणि काहीच ऐकू येत नाही.

"असू दे मग," प्रज्ञा म्हणाली. तिने केलेलं सगळं रद्द केलं, हेडफोन लावला आणि ते पहिल्यापासून, हशासकट, पुन्हा लावलं.