मुक्ताचं पिस्तूल

डोंगरातून परत आलं की गाडीच्या डिकीत वाळू साठते. कितीही झटका, थोडी उरतेच! शेंडेकाकांचे किस्से आमच्याकडे तसेच साठलेत. परवा जयंत म्हणाला, "लिहून काढ बाई, नाहीतर एकात एक मिसळतील." म्हणून बसले.

आम्ही चौघं. मी मेघना, माझा नवरा जयंत, शेंडेकाका आणि काकू. काका मूळचे चंद्रपूरकडचे, तीस वर्षं शारजात राहतात, दुबईत देऱ्यातल्या एका कन्स्ट्रक्शन कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहेत. थंडीत दर शनिवारी आम्ही हत्ताच्या नाहीतर रास अल खैमाच्या डोंगरात जातो. त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता. शारजातच वाढली, शिकायला अमेरिकेला गेली आणि आता अलास्कात राहून नदीतले मासे मोजते. खरंच! समुद्रातून किती मासे नदीत वर चढले, ते मोजायची नोकरी.

काकूंना हे अजून पटलेलं नाही. "मासेच मोजायचे होते तर देऱ्याची खाडी काय वाईट होती?"

*

सुरुवात हत्ताला झाली. सकाळचे आठ वाजलेले, चढून वर पोचलो होतो, थर्मासमधला चहा नुकता ओतला होता. मुक्ताचा फोन आला. तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. काकांनी स्पीकर लावला.

"बाबा, क्विक क्वेश्चन. विच हँडगन शुड आय गेट?"

काकूंच्या हातातली खारी चहात पडली.

"काहून?" काकांनी विचारलं.

"बेअर्स, बाबा."

उन्हाळाभर नदीकाठी तंबूत राहायचं, आणि माशांवर टपलेली अस्वलंही तिथंच. ऑफिसनं मिरचीचा स्प्रे दिलेला होता. शिवाय ज्याला हवं त्यानं ट्रेनिंग घेऊन स्वतःचं पिस्तूल बाळगायची मुभा होती.

फोन ठेवल्यावर आम्हाला वाटलं, काका हादरले असतील. ते तर चक्क हसत होते!

"कॉलेज निवडताना विचारलं नाही. नोकरी धरताना विचारलं नाही. मेघना, सात वर्षांत पहिल्यांदा पोरीनं मला काही विचारलं!"

*

मग काकांचा अभ्यास सुरू झाला. शारजा-दुबईच्या जॅममध्ये रोज दोन तास मिळतातच! रिव्हॉल्व्हर अडकत नाही, पण जड आणि गोळ्या सहाच. पिस्तूल हलकं, गोळ्या जास्त, पण नीट हाताळता आलं पाहिजे. आठवडाभरानं त्यांनी आमच्या चौघांच्या ग्रुपवर इंग्रजीत मेसेज टाकला : "पिस्तूल की रिव्हॉल्व्हर? शुक्रवारपर्यंत निर्णय घ्यायचा आहे. कृपया मत कळवा."

मेसेज गेला बिल्डिंगच्या ग्रुपवर!

चाळीस फ्लॅट. मग तळमजल्यावरच्या गृहस्थांचं उत्तर आलं. हे गृहस्थ गेले सहा महिने काकांच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते.

"शेंडे सर, व्हेरी सॉरी. मूव्हिंग माय कार नाऊ."

*

"वाचून काय कळतं? हातात धरून पाहिलं पाहिजे," असं म्हणत काका जयंतला घेऊन एका शूटिंग क्लबात गेले. तिथली इन्स्ट्रक्टर एक फिलिपिनो मुलगी. तिनं काकांच्या कानाला मफ लावले, चष्मा दिला आणि सहज विचारलं, "सर, स्पोर्टसाठी शिकताय?"

"नो. फॉर बेअर."

तिनं जयंतकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या रणरणत्या उन्हाकडे पाहिलं. "सर... विच बेअर?"

काकांनी दहा गोळ्या झाडल्या. कागदाला एकही लागली नाही. जयंतला हसू आवरेना. पण परतताना गाडीत काका आपलं मनगट चोळत होते. मरीनाच्या टॉवर्सपाशी आल्यावर म्हणाले, "मी ऐंशी किलोचा माणूस, माझा हात असा उडाला. तिचं वजन पन्नास तरी असेल का रे आता?"

जयंतचं हसू तिथंच खलास.

*

त्यानंतरचा शनिवार मला जसाच्या तसा आठवतो. वादीत, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नदीच्या पात्रात, एका कपारीच्या सावलीत बसलो होतो. काकांनी सॅकमधून कोरा कागद आणि पेन्सिल काढली.

"मेघना, उजवा हात ठेव यावर. मुक्ता तुझ्याच उंचीची आहे. मूठ नीट बसली पाहिजे, नाहीतर पिस्तुलाचा काही उपयोग नाही."

मी हात ठेवला. त्यांनी सावकाश, एकेका बोटाभोवती पेन्सिल फिरवली. लहान मुलांचं करतात ना, तसं. फोटो काढून तिला पाठवला : "तुझा हात एवढाच आहे का?"

संध्याकाळी काकांच्या घरी परतल्यावर उत्तर आलं. तिनं स्वतःचा हात वहीवर ठेवून फोटो काढला होता. बोटं माझ्याहून लांब होती. आणि अंगठ्यापासून मनगटापर्यंत एक पांढरा व्रण.

"हे कधीचं?" काकांनी विचारलं.

"ओल्ड, बाबा. टू इयर्स. इट्स नथिंग."

काकांनी तो फोटो मोठा करकरून पाहिला. मग काकूंच्या हातात फोन दिला आणि उठून नळाखाली आपले हात धूत बसले. बराच वेळ.

*

एकदा जयंतनं विचारलं, "काका, तुमचे वडील तर जंगल खात्यात वनरक्षक होते. त्यांच्याकडे काय असायचं?"

"काठी," काका म्हणाले. "अन् तोंड! मोहाच्या दिवसात अस्वलं खाली मान घालून मोह खातात. त्यांना दचकवलं की संपलं. म्हणून बाबा मोठमोठ्यानं बोलत चालायचे. आम्ही भावंडं अंगणात बसून ऐकायचो. आवाज आला की आई चुलीवर तवा ठेवायची."

समोर नुसते तपकिरी कडे, एक झाड नाही. काका त्यांच्याकडे पाहत राहिले. "चालायला जागा चांगली आहे ही. पण इथं कशाचा वास येत नाही रे."

*

अखेर काकांनी मुक्ताला अहवाल पाठवला. सेफ्टी ऑफिसरच तो, अकरा मुद्दे! आधी स्प्रे, मग पिस्तूल. टेन एमएम घे, मोठ्या गोळीचं. कमरेला नको, सॅकच्या पट्ट्याखाली दबतं, छातीवर बांध. ट्रेनिंग चुकवू नकोस. तंबूत खायचं ठेवू नकोस. असं करत करत शेवटचा, अकरावा मुद्दा : "सुट्टी कधी आहे?"

मुक्तानं पहिल्या दहाही मुद्द्यांना एकेक करून उत्तर दिलं.

अकराव्याला दिलं नाही.

*

जूनमध्ये उन्हामुळे डोंगर बंद. त्यामुळे शनिवारी काकांकडेच नाश्ता. मुक्ता नदीवर गेली होती आणि तीन दिवस तिचा मेसेज नव्हता. काकूंनी पोहे केले होते, पण त्यात मीठ नव्हतं आणि सगळ्यांनी ते तसेच खाल्ले.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. व्हिडिओ! पलीकडच्या काठावरून तिच्या सहकाऱ्यानं काढलेला. कंबरभर गवतात मुक्ता उभी, एका हातात स्प्रे. समोर, आपल्या हॉलच्या दुप्पट अंतरावर, सोफ्याएवढं अस्वल बसलेलं! आणि पोरगी ओरडत होती :

"ए! तिकडं जा! जा म्हणते ना! किती वेळा सांगायचं? ऊठ, हो बाजूला!"

अस्वलानं मान हलवली आणि निमूट पाण्यात उतरून गेलं.

काकूंनी डोळ्याला पदर लावला. रडता रडता म्हणाल्या, "अगं बाई, मी हिला असंच अभ्यासाला उठवायची. ही कधी उठली नाही!"

*

जुलैत मुक्तानं दोघांना बोलावून घेतलं. बारा दिवस ते तिच्याकडे राहिले. ती रोज त्यांना नदीवर न्यायची.

ऑक्टोबरात पुन्हा आमचा पहिला शनिवार. चढून वर पोचलो, चहा ओतला. जयंतला राहवेना.

"काका, सांगा आता. शेवटी घेतलं कुठलं?"

"काय कुठलं?"

"पिस्तूल हो! तुम्ही सांगितलेलं टेन एमएम, की रिव्हॉल्व्हर?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी काकांकडे.

"छातीवर पट्टा होता," काकू आठवत म्हणाल्या.

"होता नं. रोज होता," काका म्हणाले.

"मग?"

काकांचा कप तोंडापाशीच थांबला.

"बाप्पा! पाहायचंच राहिलं!"